मोजा टाचेवरून वर चढेना (बोटांकडून सुरू केलेला), सगळा उसवू का?

निफाडची_लेक

नमस्कार मंडळी. मला विणकाम येतं म्हणजे मफलर, टोपरी आणि एक बिनबाह्यांचा स्वेटर इतपतच, मोजा आयुष्यात पहिल्यांदा करतेय. अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. मी नाशिकला इंदिरानगरला राहते पण माहेर निफाडजवळ, द्राक्षाची बाग आहे. थंडीत शेतीची लाईट रात्रीची असली की अण्णा दोन वाजता उठून मोटर चालू करायला जातात, आणि पहाटे पारा फारच उतरला तर मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवत बसतात. पाय नुसते बर्फ. बाजारचे मोजे त्यांना घोट्याला काचतात, सकाळी वळ उठलेले असतात, म्हणून म्हटलं आपणच विणू.

व्हिडिओतल्या बाईने सांगितलं की बोटांकडून सुरू करून वर जायचं, मध्ये मध्ये घालून बघता येतं, शेवटी बोटांपाशी सुईने शिवत बसावं लागत नाही आणि लोकर संपेल तिथे थांबता येतं. मला हे तिन्ही पटलं.

मापं अशी: चवड्याचा घेर २५ सेंमी, पायाची लांबी २६. लोकर ऑनलाईन मागवली, १०० ग्रॅमला ४०० मीटरवाली, ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन. माझ्या हाताला १ इंचात ७ टाके येतात. २४ टाक्यांनी सुरुवात, एक फेरी सोडून एक फेरीत ४ टाके वाढवत ६४ केले, २१ सेंमीपर्यंत सरळ विणलं, मग ३२ टाक्यांवर शॉर्ट रो पद्धतीची टाच (ओळ पूर्ण न करता मध्येच वळून परत विणायचं), वर २ सुलट २ उलट बॉर्डर १५ सेंमी आणि नेहमी स्वेटरला करतो तसे टाके बंद.

रविवारी गावी घेऊन गेले. मोजा गोळा करून बोटांत घातला, बोटं छान बसली, पण टाचेवरून ओढायला गेलो तर बॉर्डरची कडच अडकली. अण्णांनी ओढला, आईने ओढला, शेवटी जोर लावून एकदाचा चढला तर टाच तळव्याखाली राहिली आणि पायाच्या वरच्या उंचवट्यावर टाके ताणून जाळी झाली. अण्णा म्हणाले, बाई मोजा आहे का बाटलीचं बूच. मध्ये मध्ये घालून बघितला होता हो, पण माझ्याच पायात 🙈

तीन आठवडे गेलेत यात. दुसरा अजून सुरू केलेला नाही. सगळा उसवून टाकू?

अर्धवट_स्वेटर

उत्तर माहीत नाही पण तीन आठवड्यांत एक मोजा म्हणजे वाईट नाही, माझा स्वेटर २०१९ पासून एका बाहीवर आहे.

सुलट_उलट

थांब!! काही उसवू नकोस अजून. तुझ्या पोस्टमध्ये दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि तू त्या एकच समजतेयस. कड टाचेवर अडकते ही एक, आणि चढल्यावर उंचवट्यावर जाळी होते, टाच खाली राहते ही दुसरी. पहिलीचा दोष टाके बंद करण्यात असतो, दुसरीचा टाचेच्या खोलीत.

आधी एक माप घे जे तू घेतलेलंच नाहीस. टेप टाचेच्या मागच्या टोकाखालून घेऊन तिरकी वर आणायची, घोट्याच्या पुढे जिथे पाय वाकतो तिथे. हा घेर चवड्यापेक्षा खूप मोठा निघतो, २५ चा चवडा असेल तर ३३-३४ सहज. मोजा घालताना बॉर्डरच्या कडेला तेवढं ताणावं लागतं. लोकर ताणते, बॉर्डर तर मस्तच ताणते, पण स्वेटरसारखे टाके बंद केले की कड दोरीसारखी होते, ती काही ताणत नाही.

आता चाचणी. फक्त शेवटची बंद केलेली ओळ उसव, बस. सगळे टाके वेगळ्या रंगाच्या लांबलचक दोऱ्यावर घे, सुती दोरा चालेल, दोन्ही टोकं मोकळी सोड आणि मोजा परत अण्णांच्या पायात घाल. सहज चढला आणि टाच जागेवर बसली तर दोष फक्त कडेचा, पंधरा मिनिटांचं काम. चढला पण उंचवट्यावर तरीही जाळी झाली तर टाच परत करावी लागेल, मात्र चवड्यापर्यंतचं विणकाम वाचेल. बोटांकडून विणण्याची खरी मजा मला इथेच वाटते, चूक नेहमी वरच्या बाजूला राहते.

कॅम्पातल्या_काकू

अगं लेकी, मी देवळाली कॅम्पात राहते, चाळीस वर्षं झाली मोजे विणतेय. शेजारी फौजी कुटुंबं असायची, गढवालकडच्या एक बाई गप्पा मारता मारता न बघता मोजे विणायच्या, त्यांच्याकडून शिकले. वरून खाली, चार सुयांवर. हे बोटांकडून वर जाण्याचं फॅड मला काही समजत नाही. मोजा फाटतो कुठे? बोटांना आणि टाचेला. वरून विणलेला असेल तर बोटं फाटली की तेवढंच उसवायचं आणि नवीन लोकरीने परत विणायचं, मोजा आणखी चार वर्षं जातो. तुझा फाटला तर बोटांकडून उसवून दाखव बघू, एक टाका धड सुटणार नाही, विणकाम शेवटाकडूनच सरसर उसवतं.

आणि सुई कितीची घेतलीस ते लिहिलंच नाहीस. ७ टाके म्हणजे १२ नंबर असेल.

निफाडची_लेक

काकू, सुईची वेगळीच कथा आहे 😄 व्हिडिओत साईज २ म्हटलेलं, मी मेन रोडला दुकानात जाऊन २ नंबर मागितली तर त्यांनी बोटाएवढी जाड सुई काढून दिली आणि विचारलं, गालिचा विणताय का? घरी येऊन कळलं की अमेरिकन नंबर वाढत जातो तशी सुई जाड होते आणि आपल्याकडचा जुना नंबर वाढतो तशी बारीक. अमेरिकन २ म्हणजे आपली १२, दोन्ही २.७५ मिमी. आपली २ नंबर म्हणजे ७ मिमी! आता गोल सुईवर मॅजिक लूपने करतेय, म्हणजे लांब केबलच्या एकाच सुईवर गोल विणायचं.

सुलट_उलट

काकूंचं उसवण्याचं म्हणणं खरं आहे, मान्य. पण बोटांकडचा फाटला तरी जीव जात नाही, फाटक्याच्या वरच्या फेरीतले टाके सुईवर उचलायचे, खालचं कापून टाकायचं आणि खालच्या दिशेने बोटं विणायची. शेवटी शिवावं मात्र लागतं.

आणि फॅड म्हणाल तर इजिप्तमध्ये सापडलेले रोमन काळातले लोकरीचे मोजे आहेत, लंडनच्या व्ही अँड ए म्युझियममध्ये आहेत, तेही बोटांकडूनच सुरू केलेले. अर्थात ते आपल्यासारखं दोन सुयांचं विणकाम नाही, एका सुईने गाठी-फासे घेत केलेलं, आणि अंगठा वेगळा, चपलेत घालायला. आपण वापरतो ती सुरुवात, बोटांपाशी शिवण न येणारी, ती मात्र परवाची. ज्युडी बेकर नावाच्या बाईंनी २००६ मध्ये निटी या ऑनलाईन मासिकात दिली. तोपर्यंत बोटांकडून करणारेही बऱ्याच खटपटी करायचे.

कॅम्पातल्या_काकू

इजिप्तमध्ये थंडी असते होय? असू दे. मुलीला टाके सैल बंद कसे करायचे ते सांग आधी, नुसता इतिहास नको.

सुलट_उलट

सांगतो काकू 🙏 मला दोन पद्धती येतात. जाडी सुई घेऊन सैल हाताने बंद करा असं सगळे सांगतात, पण तो हात प्रत्येकाला जमत नाही, मलाही जमला नाही.

एक, शिवून बंद करणं. लोकर मोज्याच्या घेराच्या तिप्पट-चौपट लांब ठेवून कापायची, स्वेटर शिवायच्या बोथट सुईत ओवायची. सुई उजवीकडून डावीकडे पहिल्या दोन टाक्यांतून उलट विणताना घालतो तशी घालायची, लोकर ओढून घ्यायची, मग परत फक्त पहिल्या टाक्यातून सुलटसारखी डावीकडून उजवीकडे काढायची आणि तो टाका विणायच्या सुईवरून सोडून द्यायचा. परत दोनातून, परत एकातून. ओढताना जोर नाही लावायचा. कड दिसते साधीच पण ताणते भरपूर.

दुसरी जेनी स्टेमन यांची, तीही निटीमध्येच २००९ साली आलेली. सुलट टाक्याच्या आधी सुईवर लोकरीचा एक उलट्या दिशेने वेढा घ्यायचा, टाका विणायचा आणि वेढा त्याच्यावरून काढून टाकायचा. उलट टाक्याआधी वेढा नेहमीच्या दिशेने. असे दोन टाके झाले की पहिला दुसऱ्यावरून काढायचा, म्हणजे प्रत्येक टाक्याला थोडी जास्तीची लोकर मिळते. बॉर्डरला मस्त बसते पण साध्या सुलट विणीवर कड झालरीसारखी फुगते, तिथे करू नकोस. अण्णांना घोट्याला काचतं म्हणतेस तर मी शिवूनच करेन.

बागायतदार_पिंपळगाव

ताई, विणकामातलं मला शून्य कळतं, बायकोच्या मोबाईलवर हा विषय दिसला म्हणून लिहितोय कारण अण्णांसारखाच मी पण रात्री बागेत असतो. लोकर घेतली ते फार बरं केलं. माझ्या मेहुण्याने प्रेमाने ॲक्रेलिकचे मोजे दिले होते, शेकोटीशी पाय शेकत बसलो आणि ठिणगी उडाली तर भोक पडलं आणि कडा वितळून कडक झाल्या, पायाला चटका बसला तो वेगळा. ॲक्रेलिक वितळतं हो, लोकर सहजी पेट घेत नाही, काळी पडून विझते. नायलॉन थोडं आहे तर तेवढं चालेल पण मोजे शेकोटीवर धरून वाळवू नका म्हणावं, आपल्याकडे सगळे तेच करतात. आणि गमबूट घालत असतील तर मोजा जाड होऊन बूट आवळणार नाही ना ते बघा, बूट घट्ट झाला की पाय जास्तच गार पडतो.

निफाडची_लेक

भाऊ, शेकोटीवर वाळवायचं आईला आजच फोन करून सांगते. अण्णा गमबूट फक्त पाणी भरताना घालतात, बाकी चप्पल. आणि सुलट_उलट, शनिवारी गावी जातेय, दोरा घेऊन.

निफाडची_लेक

आले जाऊन! आधी माप: तिरका घेर ३४ सेंमी. कड उसवून टाके दोऱ्यावर घेतले तर मोजा चढला, हसत हसत चढला, अण्णांनी एकट्यानेच घातला. पण उंचवट्यावर जाळी आहेच, टाच थोडी वर आली तरी पूर्ण नाही. म्हणजे दोन्ही दोष 😭 अण्णांच्या पायाचा वरचा भाग बराच उंच आहे, हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलंच नव्हतं.

सुलट_उलट

रडू नकोस, चवडा वाचला ना. बोटांपासून १८ सेंमीपर्यंत उसव. त्याआधी १८ सेंमीच्या फेरीतून बारीक दोरा ओवून ठेव, हात चुकला तरी टाके त्या दोऱ्यावर थांबतील. मग एक फेरी सोडून एक फेरीत तळव्याच्या दोन्ही कडांना एकेक टाका वाढव, असं ६ वेळा, १२ फेऱ्या होतील, तुझ्या हाताने साधारण ३ सेंमी. टाके होतील ७६. टाच पूर्वीसारखीच मधल्या ३२ वर कर, वाढवलेले टाके बाजूला आराम करू देत. टाच झाली की परत गोल विणताना तेच १२ टाके एकाआड एक फेरीत दोनाचा एक करत कमी कर, ६४ झाले की बॉर्डर. सपाट पायाला याची गरज पडत नाही म्हणून तुझ्या व्हिडिओत सांगितलं नसेल.

कॅम्पातल्या_काकू

हेच आम्ही वरून विणताना टाचेच्या बाजूचे टाके उचलून करतो, आपोआप होतं. असो, बोलत नाही मी. लेकी, दुसरा मोजा लगेच सुरू कर, लांबवलास की हाताचा ताण बदलतो आणि जोडीतला एक सैल एक घट्ट होतो. आणि मशीनला लावू नकोस, कोमट पाण्यात, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा.

निफाडची_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, जोडी झाली!! काकू, दुसरा लगेच घेतला होता, सारखेच आलेत. शिवून बंद केलं, वळ उठत नाहीत असा अण्णांचा रिपोर्ट आहे. टाच जागेवर. १०० ग्रॅममधून दोन्ही मोजे होऊन लिंबाएवढा गुंडा उरला.

पण आता नवीन. मोजा घातल्यावर चप्पल सटकते, अंगठा पट्ट्यात जात नाही. अण्णा म्हणतात अंगठा वेगळा करून दे. बोटांकडून सुरू करताना हे जमतं का?

सुलट_उलट

जमतं, इजिप्तवाल्यांनी तेच केलं होतं 😄 अंगठ्याची छोटी नळी वेगळी आणि बाकी चार बोटांची वेगळी, दोन्ही बोटांच्या फटीपर्यंत विणायच्या, मग शेजारच्या कडांचे दोन-दोन टाके एकमेकांना जोडून सगळं एकाच सुईवर. फक्त डावा-उजवा वेगळा होतो, आणि या वेळी माप अण्णांच्याच पायाचं घे.

अर्धवट_स्वेटर

काकू, कॅम्पात बाही शिकवता का कोणाला?