मदत हवी आहे: गाडी मागून बसते, जाड स्प्रिंग टाकू की शॉकअप बदलू?

नमस्कार मंडळी,

गाडी साधी हॅचबॅक आहे, पुढच्या चाकांवर चालणारी. ९ वर्षं आणि १ लाख १२ हजार किमी झाले. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा; स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. तीन वर्षांपूर्वी सीएनजी बसवला, तेव्हापासून डिकीत टाकी मुक्कामाला आहे. रिकामी टाकीच ५०-६० किलोची.

एकटा असलो की काही तक्रार नाही. मागे आई-बाबा आणि मुलगी बसली, उरलेल्या जागेत बॅगा कोंबल्या, की गाडीचं नाक वर आणि बूड जमिनीला. स्पीडब्रेकरवरून उतरताना मागे 'धाड्' होतं. मी चालण्याच्या वेगात असलो तरी बाबांचं "अरे हळू!" ठरलेलं. रात्री समोरचे डिपर मारतात ते वेगळंच.

टेप घेऊन मोजलं. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत रिकाम्या गाडीत उजवीकडे ३७ सेंमी, डावीकडे ३६. सगळे बसल्यावर दोन्हीकडे साधारण ६ सेंमीने कमी.

एका मेकॅनिकने सांगितलं, स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर घाला, पंधरा मिनिटांचं काम. माझ्या मनात मात्र जाड तारेच्या स्प्रिंग घरीच बसवायचं आहे. ब्रेक पॅड स्वतः बदललेत, सस्पेन्शनला कधी हात लावलेला नाही. हायड्रॉलिक जॅक, दोन स्टँड, गोटी पान्यांचा सेट आणि टॉर्क रेंच आहे. स्प्रिंग दाबायचं साधन नाही. जमेल का? आणि मुळात योग्य आहे का?

— डिकीभर

जुना_पाना:
खरेदी करायच्या आधी तीन गोष्टी बघा. मागचा कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन थांबला तर ठीक, दोन-तीनदा हलत राहिला तर शॉकअप गेला. शॉकअपचं अंग तेलकट असेल तर दाबायचीही गरज नाही. दुसरं, स्टॉपर, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेल्यावर धक्का झेलणारा मऊ ठोकळा. तो 'धाड्' बहुधा तिथलाच आहे. तिसरं, डावीकडे १ सेंमी कमी का? टॉर्च घेऊन डाव्या स्प्रिंगचं अगदी खालचं टोक बघा. पाणी-माती तिथेच साचते.

जाड तारेबद्दल: स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. वेढे आणि घेर तेच ठेवून १२ मिमीची तार १३ केली, तर कडकपणा सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो. तुमचे भरल्यावरचे ६ सेंमी साडेचारच्या आसपास येतील. पण एकटे जाल तेव्हा प्रत्येक खड्डा मोजत जाल. शिवाय जाड स्प्रिंग जोरात उसळते, ती उसळी आवरायचं काम शॉकअपचं. मेलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग टाकली तर गाडी चेंडूसारखी उडते.

रबर_नको:
बफर मी वापरलेत. उंची मिळते, खोटं नाही. पण रबर अडकवलेले वेढे काम करायचे थांबतात आणि सगळा ताण बाकीच्यांवर येतो. चार महिन्यांत काढून टाकले, पाठीसाठी.

डिकीभर:
पाना साहेब, तुम्ही गाडी बघितली होती का? डाव्या स्प्रिंगचं खालचं टोक दोनेक इंच तुटलंय! तुकडा स्प्रिंग बसते त्या वाटीतच पडलेला, तुटलेली कड पूर्ण गंजलेली. म्हणजे आजचं नाही. स्टॉपर बोटाने दाबला तर वाळलेल्या स्पंजसारखा पिवळा भुगा हातात आला. डावा शॉकअप ओला.

जुना_पाना:
मग ठरलंच. दोन्ही स्प्रिंग, दोन्ही शॉकअप, दोन्ही स्टॉपर. एका बाजूचं बदलू नका. स्प्रिंग मूळ मापाच्याच घ्या. सीएनजीच्या मॉडेलसाठी कंपनीची वेगळी असेल तर ती. तोवर भरलेली गाडी नेऊ नका.

टॉर्शन बीमला स्प्रिंग दाबायचं साधन बहुधा लागत नाही. पुढच्या चाकांना ओट लावा, मागून गाडी बॉडीखाली स्टँडवर ठेवा, जॅक बीमखाली. दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि जॅक हळूहळू उतरवा, स्प्रिंग सैल होऊन निघते. नजर स्प्रिंगवर नको, ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) ठेवा. बीम त्यावर लटकता कामा नये. हँडब्रेकची केबल आणि एबीएसची वायरही बघा.

शॉकअपचा वरचा नट सोडताना दांडा सोबत फिरेल. त्याच्या टोकाला चपटा भाग असतो, तिथे छोटा पाना धरा. नव्या शॉकअपच्या चकचकीत दांड्याला पक्कड लावलीत तर ओरखड्याने सील जाईल. आणि खालचे बोल्ट शेवटी, बीम नेहमीच्या उंचीला आणूनच आवळा. लटकत्या बीमवर आवळले तर गाडी खाली आल्यावर बुशचं (बोल्ट जातो त्या नळीभोवतीचं) रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

(पुढच्या स्ट्रटला, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या भागाला, या भरवशावर हात लावू नका. तिथे स्प्रिंग दाबलेली असते, सुटली तर हात जाईल.)

ब्रेकवाला:
एक राहिलं. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह दांडीने बीमला जोडलेला असतो. मागची उंची बघून तो वजन ओळखतो आणि तेवढा दाब मागे सोडतो. गाडी मुद्दाम उचललीत तर त्याला ती रिकामीच वाटते आणि भरल्या गाडीत मागचे ब्रेक कमी लागतात. स्प्रिंग कोणतीही टाका, गाडीची वजनाची मर्यादा वाढत नाही. भरल्या गाडीसाठी टायरची हवा वेगळी असते, दाराजवळच्या स्टिकरवर बघा.

डिकीभर:
वाकून बघितलं, दांडी आहे. जाड स्प्रिंगचा नाद सोडला. सामान आलं, उजवी बाजू सुटली. डावीकडे खालचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून बसलाय. नट निघाला, बोल्ट जागचा हलत नाही. हातोडा घेऊ का?

जुना_पाना:
गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर सोडा. सकाळी नट उलटा चढवून बोल्टच्या टोकाशी समतल करा, मग ठोका, म्हणजे आटे वाचतील. त्याआधी डोक्याला पाना लावून मागे-पुढे फिरवून बघा. फिरला की निघालाच.