मदत हवी आहे: "समजलं का?" विचारलं की अख्खा वर्ग "हो सर!" म्हणतो

पाटीपेन्सिल
सातवी, सेमी-इंग्रजी, ५८ मुलं, ३५ मिनिटांचा तास. विज्ञानात वस्तुमान आणि वजन शिकवून झालं, "समजलं का?" ला एका सुरात होकार आला. चाचणीत निम्म्याहून जास्त जणांनी 'चंद्रावर वस्तुमान कमी होतं' असं लिहिलं. तासाला प्रश्न विचारला की पुढच्या दोन बाकांवरचे ठरलेले पाच हात वर येतात. मागच्या बाकांवर काय चाललंय हे तासातच कसं कळेल?

रानजाई
सर, "समजलं का?" विचारणं आधी बंद करा. त्याला 'नाही' म्हणायचं तर ५७ जणांसमोर स्वतःला ढ ठरवून घ्यावं लागतं. कोण म्हणेल?

त्याऐवजी फळ्यावर लिहा: १ किलो साखरेची पिशवी चंद्रावर नेली, तिचं वस्तुमान किती? (१) १ किलो (२) सुमारे १६५ ग्रॅम (३) शून्य. वीसेक सेकंद कोणी बोलायचं नाही. तुम्ही "दाखवा" म्हणालात की सगळ्यांनी एकदम, छातीशी धरून, तेवढी बोटं दाखवायची. हात डोक्यावर गेले की मागची मुलं पुढच्यांचं बघून बोटं बदलतात, म्हणून छातीशी.

चुकीचे पर्याय मात्र विचार करून निवडा, सगळी मेहनत तिथेच आहे. दोन बोटं दाखवणाऱ्याने वजन आणि वस्तुमान एकच धरलंय. तीन बोटंवाल्याला बहुधा चंद्रावर गुरुत्वाकर्षणच नाही असं वाटतंय. दोघांना एकच स्पष्टीकरण देऊन भागत नाही.

उत्तरं विभागली गेली तर बरोबर उत्तर लगेच सांगू नका. शेजाऱ्याला एक मिनिट पटवून द्यायला सांगा, मग पुन्हा बोटं. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९०च्या दशकात भौतिकशास्त्राच्या वर्गात रुजवलेली हीच पद्धत. पण पहिल्या फेरीत जेमतेम पाव वर्ग बरोबर असेल तर चर्चा नको, चुकीचंच पसरतं. तेव्हा पुन्हा शिकवायचं.

खडू_डस्टर
बोटांच्या आधी शब्द निस्तरा. बाजारात आपण "वजन दोन किलो" म्हणतो आणि पुस्तक म्हणतं किलो हे वस्तुमानाचं एकक. त्यात सेमीमुळे 'मास' आणि 'वेट' येऊन बसतात. मूल चार शब्दांत अडकतं, संकल्पना बाजूलाच राहते. फळ्याच्या एका कोपऱ्यात दोन ओळी तासभर ठेवा:

वस्तुमान (मास) – किलोग्रॅम – कुठेही तेच
वजन (वेट) – न्यूटन – जागेनुसार बदलतं

खाली आकडे: १ किलोचं वजन पृथ्वीवर सुमारे ९.८ न्यूटन, चंद्रावर सुमारे १.६. बाजारातलं बोलणं चुकीचं ठरवू नका, "दुकानात वजन म्हणतो, इथे वस्तुमान म्हणू" एवढं पुरे. आणि फळ्याकडे तोंड करून समजावणं टाळा, वर पंखा चालू असेल तर शेवटच्या बाकाला निम्मे शब्द पोचत नाहीत. आधी लिहा, मग वळून बोला.

तोंडी प्रश्नाचा क्रम: प्रश्न, थांबणं, मग नाव. "सागर, सांग बरं..." अशी सुरुवात केली की बाकीचे ५७ त्याच क्षणी मोकळे. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचं निरीक्षण केलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली.

पाटीपेन्सिल
थांबलो की पुढचे ओरडून उत्तर देतात, गोंगाट होतो.

खडू_डस्टर
प्रश्नाच्या आधी नियम सांगा: "मी मनात पाच मोजणार, तोवर हात खाली, तोंड बंद." तरी कोणी ओरडलंच तर त्या उत्तराला "बरोबर"ही नको, "चूक"ही नको. चेहऱ्यावरही काही दिसू देऊ नका, नाहीतर बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो. मोजणं संपवा आणि तिसऱ्या-चौथ्या बाकावरचं नाव घ्या.

रानजाई
एका तासात बोटांचे दोनच प्रश्न घ्या, एक दहाव्या मिनिटाला, एक पंचविसाव्या. त्याहून जास्त घेतले तर ३५ मिनिटांत पाठ पुरा होत नाही.