जुन्या वायरिंगच्या लाकडी गिट्ट्या भिंतीतून निघतच नाहीत, काय करायचं?

वायरवाला_पुणे
नमस्कार मंडळी, कसबा पेठेत एका वाड्याचं रिवायरिंग घेतलंय. सगळं जुनं पट्टी फिटिंग आहे, सागवानी बॅटन म्हणजे लाकडी पट्ट्या, त्यावर वायर धरणाऱ्या पत्र्याच्या लिंक क्लिप, गोल लाकडी ब्लॉकवर काळे टम्बलर (खटक्याचे) स्विच. पट्ट्या निघाल्या, पितळी स्क्रू पण निघाले, पण स्क्रू धरायला भिंतीत ज्या लाकडी गिट्ट्या (ठोकळे) बसवल्यात त्या काही केल्या हलेनात. स्क्रू अर्धा पिळून पक्कडीने ओढून बघितलं, हातोडीने उचकटलं, तर चुन्याचा गिलावा पाटीभर खाली आला आणि गिट्टी जिथल्या तिथे. मालक म्हणतात भिंत फोडायची नाही. आम्ही हॅमर ड्रिल आणि प्लास्टिकची गिट्टी यावरच शिकलो, ड्रिल नसताना हे लोक एवढं पक्कं कसं बसवायचे कोणी सांगेल का? अजून एक, माळ्यावर एक लोखंडी हत्यार मिळालं, वीतभर दांडा, पुढच्या टोकाला उभ्या खाचा, मागचं डोकं ठोकून ठोकून पार चेपलेलं. छन्नी नाही वाटत. काय असेल?

गिरगावकर_वायरमन
अहो ओढून ती जन्मात निघणार नाही, कारण ती आत रुंद आणि बाहेर अरुंद असते. पाचरीसारखी ठोकलेली नाहीये ती. आधी भिंतीत छन्नीने चौकोनी भोक पाडायचं, तोंडापेक्षा आत जरा मोठं, मग गिट्टीची रुंद बाजू आत घालून भोवती सिमेंट भरायचं आणि सुकू द्यायचं. स्पेसिफिकेशनला मापच होतं, लांबी ५ सेंटीमीटर, आतलं टोक अडीच सेंटीमीटर चौरस, बाहेरचं २. आणि तोंड भिंतीच्या पातळीत नाही ठेवायचं, ६-७ मिलिमीटर आत, वरून प्लास्टर, म्हणजे लाकूड दिसत नाही. लाकूड मुरलेला सागच पाहिजे, ओलं लाकूड घातलं की वर्षभरात सुकून भोकात खुळखुळायला लागतं आणि पट्टी लोंबते. आमचे मिस्त्री आदल्या दिवशी सूत मारून घ्यायचे, दोरी निळीत बुडवून भिंतीवर ताणायची आणि टणकन सोडायची, त्या रेषेवर हेल्पर लोक दिवसभर भोकं पाडत बसायचे. गिट्ट्या भरल्या की दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, कोणी घाई केली तर शिव्या खायचा.

तुम्ही काढूच नका. लाकूड ठणठणीत असेल तर त्याच गिट्टीत नवीन स्क्रू जातो. काढायचीच असेल तर मधोमध ८-१० मिलिमीटरचं ड्रिल मारा, पटाशीने (लाकूडकामाच्या छन्नीने) उभी फोडा आणि तुकडे आतल्या आत गोळा करून बाहेर काढा, गिलावा शाबूत राहतो.

निदेशक_सांगली
त्या खाचवाल्या हत्याराला आमच्याकडे रावल जंपर म्हणायचे. टोक भिंतीला टेकवायचं, हातोडीचे हलके ठोके द्यायचे आणि दर ठोक्याला दांडा थोडा फिरवायचा. नवीन पोरं जोर लावून ठोकायची आणि फिरवायला विसरायची, की टोक आत अडकलंच, मग जंपर सोडवण्यात अर्धा तास. खाचांमधून भुकटी बाहेर पडत राहते. भोक पडलं की रावल प्लग आत, त्यात स्क्रू. प्लगचा आणि स्क्रूचा नंबर एकच असायचा, ८ नंबरच्या स्क्रूला ८ नंबरचा प्लग, त्यामुळे दुकानात डोकं चालवावं लागायचं नाही.

हा प्लग मुळात इलेक्ट्रिकच्याच कामातून निघालाय बरं का. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या भिंती न फोडता फिटिंग बसवायचं काम जॉन रॉलिंग्ज यांच्याकडे होतं, त्यांनी तागाच्या दोऱ्याची नळी करून भोकात घालायची युक्ती काढली आणि १९११ साली पेटंट घेतलं. स्क्रू पिळला की ताग फुगून भिंतीला घट्ट धरतो. तुम्ही वापरता तो नायलॉनचा प्लग बराच नंतरचा, जर्मनीच्या आर्टुर फिशर यांचा, १९५८ चा. ड्रिल मशीन स्वस्त झाल्यावर जंपर गेला, पण लाईट नसलेल्या साईटवर मी तोच वापरायचो.

तार_जोडणारा
लिंक क्लिपचं नाव काढलं आणि अंगठा दुखला 😀 पट्टी भिंतीवर चढवायच्या आधी जमिनीवर ठेवून क्लिप मारून घ्यायच्या, आडव्या पट्टीवर ४-४ इंचावर, उभीवर ६-६ इंचावर. क्लिपची चूक, म्हणजे छोटा खिळा, इतकी बारीक की बोटात धरली तर हातोडी बोटावर, मग आम्ही ती जाड कागदाच्या तुकड्यात टोचून धरायचो आणि ठोकून झाली की कागद फाडून काढायचा. वायर ठेवली की क्लिपचं शेपूट भोकातून ओवायचं आणि उलटं दुमडून हातोडीच्या दांड्याने चेपायचं. काम बघायला येणारा इंजिनीअर लांबूनच एक डोळा मिटून क्लिपांची ओळ बघायचा. आणि गिरमिट, हाताने फिरवून भोक पाडायचं हत्यार! गोल ब्लॉकला भोकं गिरमिटानेच, ड्रिल कुठलं. पितळी स्क्रू सागात पिळताना डोकं तुटायचं म्हणून साबणावर फिरवून घ्यायचे, आधी लोखंडी स्क्रू पिळून वाट करायची आणि मग पितळी.

फेज_न्यूट्रल
सगळ्यांच्या आठवणी छान, पण पुणेवाल्या दादांनी एक लक्षात घ्यावं, ते जुनं आहे म्हणून चांगलं आहे असं नाही. रबराची वायर असेल तर इन्शुलेशन हात लावल्यावर बिस्किटासारखं गळतं, पट्टी हलवायच्या आधी मेन बंद करा आणि मगच हात घाला. बऱ्याच जुन्या बोर्डांवर किटकॅट फ्यूज (चिनी मातीचे, ओढून काढायचे) फेज म्हणजे करंट आणणारी तार आणि न्यूट्रल म्हणजे परत नेणारी, दोन्हीत असतात. न्यूट्रलचा उडाला तर दिवा बंद, पण होल्डरमध्ये फेज जिवंत, आणि माणूस समजतो लाईट गेली. नुसत्या निऑन टेस्टरवर विश्वास ठेवू नका, शेजारच्या वायरच्या इंडक्शनवर पण तो मिणमिणतो. आम्ही टेस्ट लॅम्प ठेवायचो, होल्डरला दोन लांब वायर, थ्री फेजला तपासायचं तर दोन बल्ब सिरीजमध्ये, एकच लावला तर ४०० च्या वर व्होल्टेज येऊन बल्ब फुटतो. आजकाल मीटर घ्या, पण तपासा. लाईट पॉइंटला अर्थ वायर बहुतेक नसेलच, ती नव्याने ओढावी लागेल. एस्टिमेटमध्ये आत्ताच धरा, नंतर मालक पैसे देत नाहीत.

वायरवाला_पुणे
आभार काका लोकहो 🙏 ड्रिल मारून फोडायची युक्ती एका खोलीत करून बघितली, मस्त निघाली, आतलं टोक खरंच रुंद आहे आणि लाकूड अजून टणक. बाकी गिट्ट्या ठेवतोय, त्यांच्यावरच पीव्हीसी पट्टीचे स्क्रू मारतो. न्यूट्रलमध्ये फ्यूज आहे, बरोबर सांगितलंत, काढून लिंक, म्हणजे फ्यूजशिवाय थेट जोड, टाकतो. अर्थचं मालकांशी बोललो, तोंड वाकडं केलं पण हो म्हणाले.

तार_जोडणारा
ते काळे टम्बलर स्विच भंगारात घालू नका हां, पितळ किलोवर जाईल नि बाकीचं कचऱ्यात. पितळी झाकणाचे असतील तर मला हवेत, कुरियरचा खर्च माझा.

गिरगावकर_वायरमन
मी आधी विचारणार होतो! गोल ब्लॉकसकट असतील तर दोन माझे.

वायरवाला_पुणे
भांडू नका 😀 पोतंभर आहेत, पण मालकाच्या भावाने आधीच नजर ठेवलीय, शनिवारी विचारून सांगतो.