दहशतवादी: कोर्टात उभा करायचा की जिथे सापडेल तिथे मारायचा?

पारदर्शी: लॉकरबीचा खटला मला फार मोलाचा वाटतो. १९८८ मध्ये पॅन ॲमचं विमान स्कॉटलंडवर बॉम्बस्फोटात कोसळलं. २७० माणसं गेली, त्यातली ११ खाली गावातली. बॉम्बच्या सुटकेसमधल्या कपड्यांच्या जळक्या चिंध्यांवरून माग काढत तपास माल्टातल्या एका कपड्यांच्या दुकानापर्यंत पोचला. लिबियाने संशयित द्यावेत म्हणून सुरक्षा परिषदेने निर्बंध लादले आणि अखेर नेदरलँड्समध्ये स्कॉटिश कायद्याने खटला चालला. एक दोषी ठरला, दुसरा निर्दोष सुटला. क्षेपणास्त्र सोडलं असतं तर दोघेही गेले असते. म्हणून माझं मत कोर्टाच्या बाजूने.

खडाजंगी: अहो, पण निकाल लागला २००१ मध्ये! आणि तिथे निर्बंधांपुढे वाकणारं सरकार तरी होतं. जे सरकार स्वतःच दहशतवाद्यांना पाठीशी घालतं, त्याला वॉरंट धाडून काय होणार? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम ५१ स्वसंरक्षणाचा हक्क देतं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी ठराव १३६८ मध्ये परिषदेने त्याचा उच्चार केला.

पारदर्शी: कलम ५१ मलाही मान्य आहे. पण त्यात सशस्त्र हल्ला झालेला असण्याची अट आहे आणि केलेली कारवाई परिषदेला ताबडतोब कळवायची असते. ‘तो देश बंदोबस्त करू शकत नाही किंवा करत नाही, म्हणून आम्ही घुसलो’ ही सबब सनदेत कुठेच नाही. ती चालवून घेतली तर दुबळ्या देशांच्या हद्दीला काही अर्थच उरणार नाही.

उंबरठा: दोघेही व्याख्येचं बोलत नाही. भारताने १९९६ मध्ये दहशतवादाविरुद्ध सर्वंकष कराराचा मसुदा मांडला. मुक्तिलढे आणि सरकारी सैन्य यांचं काय करायचं, यावर तो आजही अडलेला आहे. तोवर संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या याद्यांवर भागवायचं, तर यासिन काडी या सौदी व्यावसायिकाचा खटला आठवा. नाव यादीत, खाती गोठलेली, पुरावा मात्र त्या माणसाला दाखवलेलाच नाही! २००८ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्याच्यापुरता तो आदेश रद्द केला. असा अन्याय मला सहन होत नाही, आरोप कितीही गंभीर असो.

खडाजंगी: यादीची दुसरी बाजूही बघा. जैश-ए-मोहम्मद २००१ पासून यादीत आहे. तिचा म्होरक्या मसूद अझर यादीत यायला १ मे २०१९ उजाडला, कारण चीनने त्याचं नाव वर्षानुवर्षं अडवून धरलं. यादी ठरवणाऱ्या समितीत एका सदस्याची हरकतही पुरते. ज्यांची माणसं दरम्यान मारली गेली, त्यांनी कुठल्या कोर्टात जायचं, ते सांगा.