वाणसामान आणायला पोरं बरोबर असतात, त्यांना नेमकं काय काम देता?

खारूताई
थोरला आठ वर्षांचा, धाकटी चारची. दोघांना घरी ठेवायची सोय नाही, त्यामुळे सामानाला निघते ती आमची तिघांची वरात. थोरल्याचं पहिल्या रॅकपासूनच "झालं का?" सुरू होतं. मग तो ट्रॉली गाडीसारखी पळवायला लागतो. धाकटी खालच्या फळीवरचं हाताला येईल ते उचलून ट्रॉलीत टाकते आणि ते मला बिल करताना कळतं. मागच्या खेपेला बुटाच्या पॉलिशच्या डब्या निघाल्या.

हातात मोबाइल दे आणि बसव, हा सल्ला मिळून झालाय. तो नको. मला त्यांना गप्प बसवायचं नाहीये, कामाला लावायचंय. पण "मला मदत कर" असं म्हटलं की पुढे काय करायचं ते मलाच सांगता येत नाही. तुम्ही स्वतः जे केलंय तेच सांगा, उपदेश नकोत.

निवांत
आधी पोटभर खायला घाला, मग न्या. भुकेल्या पोराला कुठलंच काम सुचत नाही. (मोठ्यांनाही हेच लागू. उपाशीपोटी गेलं की मी यादीत नसलेलं काय काय उचलून आणतो.)

जुनापंखा
आमच्या घरी सामान मीच आणतो आणि लेकीला ती ट्रॉलीत मावायची तेव्हापासून बरोबर नेतोय. आता ती नऊची आहे. माझा एकच आग्रह आहे: खोटं काम देऊ नका. "हे धर हं जरा" हे काम नव्हे, आणि ते पोरांना बरोबर कळतं. काम असं हवं की त्यांनी केलं नाही तर ते राहूनच जाईल. आमच्याकडे यादीचे दोन तुकडे होतात. तिच्या तुकड्यातलं मी बघत नाही आणि आठवणही करत नाही. एकदा साबण राहिला, तर दोन दिवस वडी झिजून पापुद्रा होईपर्यंत सगळ्यांनी तीच वापरली. त्यानंतर राहिला नाही.

भाजीच्या ठिकाणी तर खूपच काम असतं. बटाटे निवडणं पूर्ण तिच्याकडे. हिरवट झालेला नको, मोड आलेला नको. का, तेही सांगितलंय: उजेडात राहिला की बटाटा हिरवा पडतो आणि त्याबरोबर त्यात सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं. "विष" ऐकल्यावर जी तपासणी सुरू झाली ती बघण्यासारखी होती! एकेक बटाटा दिव्याखाली फिरवून बघायची. मागे माणसं खोळंबलेली, आणि मी ओळख नसल्यासारखा कांद्यांकडे बघत उभा.

निवडून झालं की पिशवी हातात तोलायची आणि काट्यावर ठेवायच्या आधी दोघांनी अंदाज बोलायचा. सुरुवातीला ती काहीही सांगायची, "दहा किलो". आता माझ्यापेक्षा जवळ येते आणि तसं ऐकवतेही.

दुधाच्या कपाटाशी तारखा वाचायच्या. दुकानदार जुना माल पुढे आणि नवा मागे लावतात, म्हणून हात आत घालून मागची पिशवी काढायची. पण दूध आजच संपणार असेल तर पुढची घ्यायची, उगाच कशाला नवी. कुठली घ्यायची ते तिनेच ठरवायचं.

आठ वर्षांच्या पोराला खरा चाळा लागतो तो पाकिटामागच्या बारीक अक्षरांचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, जे सगळ्यांत जास्त ते आधी. पुढे फळाचं हे एवढं मोठं चित्र, आणि मागे यादीत फळ कितव्या नंबरवर आहे ते शोधायला सांगा. आमच्याकडे नियम आहे, पहिल्या तिघांत साखर असेल तर ठेवून द्यायचं. त्या नियमाने माझी आवडती बिस्किटं परत फळीवर गेली. अपील चालत नाही.

गल्ल्यापलीकडून
मी काउंटरच्या पलीकडे काम करते, म्हणून तिथून जे दिसतं ते सांगते.

सगळ्यांत आधी: ट्रॉलीत पोराला उभं करू नका आणि बाहेरच्या बाजूने लटकूही देऊ नका. पोर उभं राहिलं की सगळा तोल वर जातो, ट्रॉली उलटते आणि पडताना डोकं आधी आपटतं. हे आईबापांना सांगितलं की त्यांना राग येतो, तरी मी सांगतेच.

पोरांना भुलवणाऱ्या वस्तू पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला मुद्दामच लावतात. काउंटरपाशी गोळ्याचॉकलेटं असतात तीही तुम्ही रांगेत अडकलेले असता म्हणून. तेव्हा रांगेत पोरांचे हात रिकामे ठेवू नका. सामान पट्ट्यावर लावणं त्यांच्याकडे द्या: जड आधी, मग डबेबाटल्या, फ्रीजमधलं सगळं एकत्र, अंडी आणि पाव शेवटी. याच क्रमाने पिशवी भरली की आपोआप जड खाली जातं.

आणि एक विनंती. नको असलेली वस्तू पोराकडूनच जागच्या जागी परत ठेवून घ्या. थंड कपाटातली वस्तू साबणाच्या रॅकवर सापडली तर ती किती वेळ बाहेर होती ते कोणाला माहीत? आम्हाला ती फेकूनच द्यावी लागते.

खारूताई
थोरल्याचं काम झालं, आभार! पण धाकटीचं काय? तिला वाचता येत नाही आणि ती तर स्वतःला मॅनेजर समजते.

जुनापंखा
मग खालची फळी तिच्या नावावर करा. नाहीतरी तिथे वाकून तुमचीच कंबर जाते. खालच्या फळीवरचं यादीतलं जे असेल ते तिने काढायचं, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. "लाल झाकणाची, निळी नको" एवढं सांगितलं की चार वर्षांच्या पोराला पुरतं. रिकाम्या खोक्यांवरची चित्रं कापून तिची वेगळी यादी करा. वस्तू ट्रॉलीत पडली की ते चित्र तिने तुमच्या खिशात टाकायचं. पाच-सहा चित्रं बास. जास्त दिली की अर्ध्यात सोडून देते.

आणि तिला काय घ्यायचं असं मोकळं विचारू नका. दोन वस्तू पुढे धरा, "यातली कुठली?" दोन्ही तुम्हाला चालणाऱ्या असू देत, म्हणजे झालं. मॅनेजरबाई खूश.

पाणकोंबडी
इथे सगळे फार उत्साहात आहेत म्हणून थोडा विरोधी सूर लावते. ऑफिसातून दमून येताना पोरांकडून बटाटे तपासून घ्यायला माझ्यात त्राण नसतं. मी मोठी खरेदी एकटी करते आणि अधूनमधून थोडक्या सामानाला एकाच पोराला नेते. दोघं असली की काम बाजूला आणि भांडण पुढे. आणि हो, काम केल्याबद्दल बक्षीस देता की नाही? आमच्याकडे त्यावरून रोज खटका.

जुनापंखा
एकेकाला नेण्याला अनुमोदन, जमत असेल त्यांनी जरूर करावं. धागाकर्तीला तीच तर सोय नाही.

बक्षीस देत नाही. पण यादीत एक ओळ लेकीची असते, निघायच्या आधी घरीच लिहिलेली. दुकानात गेल्यावर ती बदलता येते, वाढवता येत नाही. एक घ्यायचं तर दुसरं सोडायचं, यावर ती रॅकपाशी जितका वेळ विचार करते तितका मी घर घेतानाही केला नव्हता.

थोरल्यासाठी रांगेतला एक उद्योग राहिला सांगायचा. पाकिटावरच्या बारकोडखाली बहुतेक वेळा १३ आकडे असतात. शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून काढलेला असतो, मशीनने चुकीचं वाचलं तर कळावं म्हणून. तो झाकायचा. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे बाराव्यापर्यंतचे आकडे मिळवायचे आणि तिप्पट करायचे. त्यात उरलेले सहा मिळवायचे. आलेल्या उत्तराला पुढच्या पूर्ण दहापर्यंत जायला जेवढे कमी पडतात तो झाकलेला आकडा. उत्तराच्या शेवटी शून्यच आलं तर झाकलेलाही शून्य. दुकानात पहिल्यांदा बारकोड वाचला गेला तो २६ जून १९७४ ला, अमेरिकेत, च्युइंगमच्या पाकिटावर. हे सांगितलं की पोरं काउंटरवरच्या च्युइंगमकडे जरा आदराने बघतात. मागतातही म्हणा.

खारूताई
आत्ता स्वयंपाकघरातले डबे काढून करून बघितलं. मिठाच्या पुड्यावर जुळलं! एका छोट्या पाकिटावर मात्र आठच आकडे आहेत आणि तिथे काही जुळेना.

जुनापंखा
आठ आकड्यांत उलटं असतं. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा यांची बेरीज तिप्पट करा, दुसरा, चौथा, सहावा तसेच मिळवा. आठवा झाकलेला. हे थोरल्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर काउंटरवर "तुमचा कोड चुकलाय" म्हणून वाद घालत उभा राहील.

गल्ल्यापलीकडून
राहू दे की उभा. फक्त संध्याकाळच्या गर्दीत नको.