अजिंठ्यावर पीएचडी करायची तर जर्मन कशाला?

आडवळण: काल इथे एकांनी लिहिलं की भाचीला अमेरिकेत कलेतिहासाची पीएचडी करायचीय, विषय अजिंठा, आणि डिपार्टमेंट तिला जर्मन-फ्रेंचची रीडिंग एक्झाम द्यायला लावतंय, ही म्हणे गोऱ्यांची जुनी खोड. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. अहो, त्या भिंतींवर कुठली कथा कुठून सुरू होते आणि कुठे वळते हे आकृती न् आकृती बघून ज्याने लावलं तो डीटर श्लिंगलॉफ जर्मनमध्ये लिहायचा. १ नंबरच्या लेण्यातलं पुलकेशीच्या दरबारातले इराणी वकील म्हणून पिढ्यान् पिढ्या दाखवलं गेलेलं चित्र मुळात बौद्ध कथांमधल्या महासुदर्शन राजाच्या कथेतलं आहे, हे त्याचं म्हणणं. पटो न पटो, पण न वाचताच पुढे जायचं?

पिंपळपान: त्याचा भित्तिचित्रांचा तो ग्रंथ २००० चा, आणि २०१३ ला दिल्लीहून इंग्रजीत आलाय. मग झालं की. हा नियम रनेसान्सवाल्यांसाठी, म्हणजे युरोपच्या प्रबोधनकाळातली कला शिकणाऱ्यांसाठी, बरोबर आहे, कलेतिहास हा विषयच जर्मन विद्यापीठांत उभा राहिला, पानोफ्स्कीसारखे कलेतिहासकार हिटलरमुळे अमेरिकेत गेले, सगळं मान्य. पण आपल्या पोरांची फेलोशिप मोजक्या वर्षांची असते, त्यात डिक्शनरी घेऊन दोन उतारे भाषांतर करायचे आणि पास झालं की विसरायचं. माझ्या बहिणीने असंच फ्रेंच केलं, आज कॅटलॉगचं एक पान तिला वाचता येत नाही.

आडवळण: म्हणजे तेरा वर्षं भाषांतराची वाट बघत बसायचं?

दख्खनवेडा: तुमचं जर्मन राहू द्या हो, फारसीचं बोला. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आफताबी नावाच्या कवीचं अहमदनगरच्या निजामशाहीतलं फारसी काव्य आहे, चित्रांसकट, साधारण १५६५ चं. त्यात हुसेन निजामशहाच्या शेजारी बसलेली त्याची राणी खुंजा हुमायून नंतर कोणीतरी रंगाने झाकून टाकलीय. नुसतं चित्र बघणाऱ्याला तिथे एक डाग दिसतो, आणि काव्यात तिचं वर्णन भरभरून! आमच्याकडे दख्खनी चित्रांवर एमए करणाऱ्या किती जणांना नस्तालीक, म्हणजे फारसीची ती वळणदार लिपी, वाचता येते? मी ज्या डिपार्टमेंटला होतो तिथे भाषेचं नावही निघालं नाही, स्लाईड बघा आणि तारखा पाठ करा.

पिंपळपान: त्या काव्याचंही कुलकर्णी-माट्यांनी १९८७ लाच इंग्रजी केलंय.

दख्खनवेडा: सगळं कोणीतरी करून ठेवलंय तर पीएचडी करताच कशाला? ज्यांनी ते केलं त्यांना फारसी येत होतं म्हणून केलं ना!

सारवण: फारसीवरून भांडताय, इथे मोडी वाचणारे मिळत नाहीत ते बघा. आमच्या वाड्यात भिंतीवर पेशवाईतली चित्रं आहेत आणि खाली संदुकीत मोडी कागद. रंग कुणी लावले, गवंड्याला काय दिलं, सगळं त्यात असेल. पीएचडीवाले दोघं आले, वाड्याचे फोटो काढले, संदूक उघडली, बघितली आणि मिटली. जर्मन यायचं हो त्यातल्या एकाला!

आडवळण: मग दोष जर्मनचा की मोडी न शिकण्याचा?

सारवण: दोष नियम करणाऱ्यांचा. परीक्षा जर्मनची लावलीत म्हणून पोरगं जर्मन शिकलं. मोडीची लावली असती तर मोडी शिकलं असतं.

पिंपळपान: हेच मी मघापासून सांगतोय आणि मलाच आळशी ठरवताय! अजिंठ्यावर करणाऱ्याला संस्कृत-पाली सक्तीचं करा, १६ नंबरच्या लेण्यातला वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा कोरीव लेख स्वतः वाचता यायला पाहिजे. जर्मन, बरं, येत असेल तर चांगलंच, एवढं देतो. पण ते गाईडने ठरवावं, डिपार्टमेंटने सरसकट नाही. आणि अमेरिकेतही बरीच डिपार्टमेंट आता तेच करतायत.

आडवळण: गाईडने ठरवावं हे मान्य. पण ज्या गाईडला स्वतःला जर्मन येत नाही तो "नको" म्हणणारच, त्याचं काय करायचं ते सांगा.

दख्खनवेडा: आणि फारसी न येणाऱ्याचंही.