सोवेटोची टूर कुणी केली आहे का? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आईला घेऊन जोहान्सबर्गला जातोय, त्यातला एक दिवस सोवेटोसाठी (वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी वसवलेली तिथली वस्ती) ठेवलाय. मंडेला आणि वर्णभेदाविरुद्ध लढलेले आर्चबिशप टुटू, दोघांचीही घरं असलेला विलाकाझी स्ट्रीट आणि १६ जून १९७६ला शाळकरी मुलांच्या मोर्चावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात गेलेल्या हेक्टर पीटरसनचं स्मारक बघायचंच आहे. पण बसच्या काचेआडून लोकांची घरं न्याहाळत फिरणं पटत नाही. धारावीत कुणी असे कॅमेरे रोखले की आपल्याला कसं वाटतं! तिथलाच गाइड घेऊन पायी फिरलेलं कुणी आहे का? चालणं किती पडतं? आईचे गुडघे दुखतात. शिवाय ती पक्की शाकाहारी. मक्याच्या उकडीला तिथे 'पाप' म्हणतात हे ऐकून हसत सुटली, पण खाईन म्हणाली. सोबत चकालाका नावाचं तिखट कालवण देतात, त्यात मटण नसतं ना?